पगडीखालचा चेहरा
पावतीतल्या साडेसात रुपयांचा जाब विचारणारा सोसायटीचा प्रत्येक खजिनदार आपल्याकडे ‘अगदी नाना फडणवीस’ ठरतो. पण आपण साम्य जुळवतो ते चेहऱ्याशी नव्हे, वेशभूषेशी, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावा खुद्द नानांचाच. ते वारले १८०० साली, कॅमेरा जन्मायच्या कितीतरी आधी. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने त्यांना रंगवलं, त्या चित्रात दिसतो सडपातळ, लांब नाकाचा माणूस. आपल्या डोळ्यांपुढे मात्र उभे राहतात १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मधले मोहन आगाशे! कोणी म्हणेल, टिळकांचे तर फोटो आहेत. आहेत ना; पण पगडी, उपरणं आणि झुपकेदार मिशा बाजूला काढा आणि उरलेला चेहरा ओळखून दाखवा. (गांधीजींना तर गोल चष्मा आणि काठी पुरते.) दुसरा आक्षेप जरा वजनदार: साम्य दिसण्याचं नसतं, स्वभावाचं असतं. तसं असेल तर खजिनदारांनी हुरळून जाण्याआधी थोडं थांबावं. नाना मुत्सद्दी खरे, पण तलवारबहाद्दर नव्हते. म्हणून साडेतीन शहाण्यांत लोकांनी त्यांना धरलं ते अर्धंच.