चाक मोठे केले, पण हिशेब केला का?



नागपुरात रामदासपेठेच्या सेंट्रल बाजार रोडवर संध्याकाळी सात-आठच्या सुमारास थोडा वेळ उभे राहून पाहा. शिकवणीहून परतणाऱ्या मुलामुलींच्या सायकली, दवाखान्यांत निघालेले रुग्णांचे नातेवाईक, स्कूटर, ऑटो आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या मालवाहू पिकअप गाड्या दिसतील. अशीच एक पिकअप परवा माझ्यासमोरून गेली. तिची चाके नेहमीपेक्षा बरीच मोठी होती आणि नाक वर उचललेले होते. शेजारी उभ्या असलेल्या नववी-दहावीतल्या दोघा मुलांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. "काय दिसते ना!" एक म्हणाला. तेवढ्यात समोरून सायकलवर येणाऱ्या मुलीने डोळ्यांवर आडवा हात धरला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली.

त्या मुलीला का थांबावे लागले, याचे उत्तर तुमच्याच भूमितीच्या पुस्तकात आहे. ते शोधताना माझे एक मतही तुमच्यापुढे ठेवणार आहे. मत पटले नाही तर जरूर वाद घाला. पण आधी माझ्याबरोबर थोडे गणित करा.

प्रथम मोठ्या चाकाची बाजू घेऊ, कारण ती बाजू खरीच आहे. आपल्या विदर्भातल्या जुन्या बैलगाडीचे चाक पाहिले आहे ना? लोखंडी धाव चढवलेले ते चाक माणसाच्या छातीपर्यंत येते. सुताराने ते एवढे मोठे का केले असेल? वाटेत १० सेंटीमीटर उंचीचा दगड आला आणि चाकावर १०० किलो भार आहे असे समजा. चाक दगडावर चढवायला आडवे किती ओढावे लागेल, हे तरफेच्या नियमाने काढता येते. ७० सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाला सुमारे ६० किलोभार इतके बळ पुरते. पिकअपच्या ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाला मात्र, ते कडक आहे असे धरले तर, सुमारे ९८ किलोभार लागते. म्हणजे मोठे चाक खाचखळगे सहज ओलांडते. शिवाय पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल कसा असतो, हे काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला विचारा. गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे वर असले, तर तेवढ्यानेही संत्र्यांचे क्रेट वेळेवर कळमन्याच्या बाजारात पोचतात. तेव्हा चाक मोठे करावेसे वाटणे यात मूर्खपणा काहीच नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू.

पिकअपच्या टायरच्या कडेला '२१५/७५ आर १५' यासारखा मजकूर असतो. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या शेकडा ७५. 'आर' म्हणजे रेडियल पद्धतीची बांधणी आणि १५ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास इंचांत. यावरून पूर्ण चाकाचा व्यास काढा. रिमचे ३८१ मिलिमीटर, अधिक दोन्ही बाजूंच्या कडा १६१ गुणिले दोन. उत्तर येते साधारण ७०४ मिलिमीटर. आता हौशी माणूस त्याच रिमवर ३१ इंच व्यासाचा टायर चढवतो. ३१ इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर. व्यास जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढला आणि गाडी ४ सेंटीमीटरच्या थोडी वर उचलली गेली.

वेगमापक रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. छोटे चाक एका किलोमीटरला सुमारे ४५२ फेरे घेते, मोठे चाक ४०४ फेऱ्यांतच तेवढे अंतर कापते. वेगमापक पूर्वी अगदी अचूक होता असे धरले, तर आता काटा ६० दाखवत असताना गाडी खरोखर ६७ च्या वेगाने धावत असते. आणि तुम्ही शिकलाच आहात की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६७ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग करून पाहा. ऊर्जा जवळजवळ पाव पट वाढली, आणि चालकाला त्याचा पत्ता नाही! किलोमीटरचा आकडाही असाच खोटा पडतो. १०,००० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी ११,००० हून अधिक धावलेली असते. तेल बदलण्याची वेळ त्यामुळे उलटून जाते आणि पुढे जुनी गाडी विकत घेणारा फसतो.

आता बळाचे पाहू. इंजिन आस पिरगाळते. त्या पिळाला भौतिकशास्त्रात बलाचे आघूर्ण म्हणतात. आघूर्ण म्हणजे बळ गुणिले त्रिज्या. आघूर्ण तेवढेच राहिले आणि त्रिज्या १२ टक्क्यांनी वाढली, तर रस्त्यावर मिळणारे बळ सुमारे साडेदहा टक्क्यांनी घटते. आता मघाच्या दगडाकडे परत या. मोठ्या चाकाला तो ओलांडायला ९८ ऐवजी ८९ किलोभार बळ पुरते, म्हणजे गरज सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी झाली. गरज साडेआठ टक्क्यांनी घटली आणि बळ साडेदहा टक्क्यांनी! दगडापुरता विचार केला तर सौदा तोट्यातच गेला. कारखान्यात मोठ्या चाकाची गाडी घडवतात तेव्हा दातेचक्रांचे गुणोत्तरही त्याबरोबर बदलतात, ते याचसाठी. गल्लीतल्या गॅरेजात फक्त चाक बदलते.

ब्रेकचेही तसेच. पायाने पेडल पूर्वीइतकेच दाबले तर ब्रेक चाकाला पूर्वीइतकेच आघूर्ण देतो, पण मोठ्या त्रिज्येमुळे रस्त्यावर गाडीला अडवणारे बळ कमी पडते. तेवढ्याच अंतरात थांबायचे तर पाय जास्त जोराने दाबावा लागतो. समोर अचानक कोणी आले तर तेवढी सवड कुठे असते?

इथपर्यंतचे नुकसान मुख्यतः गाडीत बसणाऱ्यांचे. आता त्या सायकलवरल्या मुलीकडे येऊ.

रिकामी पिकअप बाजूने नीट पाहा. तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच दिसते. पुष्कळांना हा गाडीचा दोष वाटतो. तो दोष नाही. मागे पोलादी पाटे आहेत ते टनभर माल पेलण्यासाठी. माल भरला की पाटे दबतात, मागचा भाग खाली येतो आणि गाडी समतल होते. म्हणजे कारखान्याने गाडी भरलेली असतानाच समतल व्हावी अशी योजना केली आहे. हौशी मालकाला मात्र ती रिकामी असताना समतल दिसायला हवी असते. म्हणून तो पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी ठोकळे बसवून नाक वर करून घेतो. रिकामी गाडी ऐटबाज दिसू लागते. पण माल भरला की मागचा भाग पूर्वीसारखाच दबतो, आणि नाक वरच राहते.

बैलगाडी हाकणाऱ्याला ही अवस्था चांगली ठाऊक असते. मागे जास्त भार झाला की गाडी 'उलाळ' झाली असे तो म्हणतो, आणि दोन पोती पुढे सरकवल्याशिवाय बैल हलवत नाही. शहाणा माणूस जी अवस्था टाळतो, ती आपण पैसे देऊन विकत घेतो!

आता भूमिती. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या आसांत साधारण ३ मीटर अंतर असते. नाक ५ सेंटीमीटरने वर केले, तर ३०० ला ५ म्हणजे ६० ला १ असा चढ झाला. कोनमापकावर हा कोन जेमतेम एक अंश भरेल. एका अंशाने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. पण दिव्याचा झोत लांब जातो, हे विसरू नका.

गाडीचा खालचा झोत थोडा जमिनीकडे झुकवलेला असतो. १०० मीटरला सुमारे १ मीटर असा तो उतार धरू. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटर उंच असेल, तर ५० मीटरवर झोताची वरची कड ४० सेंटीमीटरवर, म्हणजे समोरच्याच्या गुडघ्यापाशी येते. आता बदललेली गाडी घ्या. टायरमुळे दिवा ४ सेंटीमीटर वर गेला, ठोकळ्यामुळे ५, एकूण ९९. उतार गेला आणि त्याच्या जागी चढ आला. ६० ला १ मधून १०० ला १ वजा करा, १५० ला १ उरतो. ५० मीटरवर तो झोत ३३ सेंटीमीटर वर चढतो. ९९ अधिक ३३ म्हणजे १३२ सेंटीमीटर. सायकलवर बसलेल्या तुमच्यासारख्याच्या डोळ्यांची उंची मोजून पाहा, ती याच्याच आसपास भरेल. त्या मुलीने डोळ्यांवर हात का धरला, ते आता कळले ना? वास्तविक चालकाने वरचा झोत लावलेला नसेलही. तो शपथेवर सांगेल की मी दिवा खालीच ठेवला होता, आणि ते खरेही असेल. त्याला न कळत त्याच्या गाडीने झोत वर केला होता.

ही अडचण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत पिकअप उंच करण्याची हौस फार जुनी. तिथे नाक वर आणि मागचा भाग खाली ठेवण्याची टूम इतकी बोकाळली, की नॉर्थ कॅरोलिना राज्याला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. गाडीत असे बदल करून पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक ठेवायला १ डिसेंबर २०२१ पासून तिथे बंदी आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कारखानदाराने ठरवलेल्या मापांपासून ढळेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. मात्र दिव्यांग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करायचे असतील, तर त्यासाठी परवानगीची वाट याच कलमात ठेवली आहे. म्हणजे कायद्याचा राग बदलावर नाही, बेहिशेबी बदलावर आहे.

माझेही मत तेच आहे. यंत्राला हात लावू नका, असे मी तुम्हांला कधीच सांगणार नाही. उघडून पाहणे, बदलून पाहणे यातूनच कारागीर घडतो आणि अभियंताही. पण यंत्रातले कोणतेही माप एकटे नसते. चाकाची त्रिज्या वेगमापकाशी बांधलेली, वेगमापक ब्रेकशी, पाट्यांची ताठरता दिव्याच्या कोनाशी आणि दिव्याचा कोन समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांशी. एक धागा ओढला की दुसरे टोक कुठे हलते, हे पाहिल्याशिवाय ओढायचा नाही. आणि ते टोक दुसऱ्याच्या अंगावर हलत असेल, तर आपल्या हौसेचे बिल आपण त्याच्या नावावर फाडले असे होते. ते मला मान्य नाही.

ज्याला चिखलातून खरोखर जावे लागते, त्याने काय करावे? गाडीच्या माहितीपुस्तिकेत कारखानदाराने मान्य केलेली टायरची मापे दिलेली असतात. त्यांतले मोठे माप घ्यावे. भरलेल्या गाडीचे दिवे भिंतीवर तपासून घ्यावेत. काही गाड्यांत भाराप्रमाणे झोत खाली करण्याचे बटण असते, ते वापरावे. एवढ्यानेही भागत नसेल, तर मुळातच उंच घडवलेली गाडी घ्यावी.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. पुढचा तास वर्गाबाहेर घ्या. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर खडूने एक खूण करा, गाडी हळूच एक फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजा. टायरवरच्या आकड्यांवरून काढलेल्या परिघाशी ते ताडून पाहा. मोजलेले अंतर थोडे कमी भरेल, कारण भाराखाली टायर दबतो. मग दिव्याची उंची मोजा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सायकलवर बसवून त्याच्या डोळ्यांची उंची वहीत लिहायला सांगा.

आणि मित्रहो, पुढच्या वेळी अशी नाक उडवलेली गाडी दिसली, तर "काय दिसते!" असे जरूर म्हणा. पण तिच्यासमोरून येणाऱ्याला काय दिसते, तेही एकदा पाहा.