वादळानं झाड पाडलं, वेठ कुणी लावली?

कोकणावर कविता लय झाल्या. माडावर झाल्या, पोफळीवर झाल्या, लाल मातीवर तर ढिगानं झाल्या. त्या कवितांत सावली असते, पान असतं, पाऊस असतो. कोयता नसतो. कोयता धरणारा हात तर नसतोच नसतो. मला त्या हाताबद्दल बोलायचंय. ज्यांना निसर्गाचं वर्णन पाहिजे त्यांनी इथंच पान उलटावं.

३ जून २०२०. वादळाचं नावच निसर्ग. दुपारच्या वक्ताला ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड, सगळं पार पिंजून काढलं. मी तेव्हा मंडणगड तालुक्यात, आमच्या वाडीत होतो. मुंबईतलं काम लॉकडाऊननं बंद पडलं, खोलीचं भाडं थकलं, म्हणून गावाला आलेलो. चौदा दिवस शाळेत कोंडून घेतलं आणि बाहेर पडतो न पडतो तोच हे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. हे मुद्दाम सांगतो. पुढं काय झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवा.

वादळ गेलं. घरांवर कौल नाही, पत्रा नाही, लाईट नाही, फोन नाही. लाईट तर पुढं कित्येक दिवस आली नाही. मोठ्या डांबरी रस्त्यावरची झाडं कापायला सरकारची माणसं आली. एनडीआरएफचे जवान आले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट, हातात मशीनची करवत, पायात बूट, दोर, हातमोजे. चांगलं काम केलं त्यांनी. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण डांबरी रस्ता संपतो तिथं सरकारही संपतं. आमच्या वाडीची वाट तिथून पुढं सुरू होते. ती मालकाच्या रानातून जाते. मालकी रान. कोकणात बरंचसं जंगल असंच सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावानं आहे. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, फणस, मधे आंब्याची कलमं. दोन्ही बाजूंना गडगा आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. त्या वाटेवर तीसेक झाडं आडवी पडली होती. मुळासकट. आणि झाडं नव्हती तिथं रान माजलेलं. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, रानमोडी. मालकानं पाच-सात वर्षं तिकडं ढुंकूनही पाह्यलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला. माझ्या चुलत्याला. चुलता साठीचा, मालक पस्तिशीचा. निरोप असा: 'वाडीतली माणसं घे आणि वाट मोकळी कर. रस्ता तुमचाच हाय.'

चुलता उठला. कोयता घेतला, कुऱ्हाड घेतली.

मी म्हटलं, 'काका, रोज काय देणार ते विचारलंत का?'

चुलता म्हणाला, 'आपलीच वाट हाय रे बाबा. आपन नाय साफ करनार तर कोन?'

दोस्तांनो, या एका वाक्यात हजार वर्षं बसलीत. मालकानं चुलत्याला धमकी दिली नाही, शिवी दिली नाही. नुसतं सांगितलं, रस्ता तुमचाच आहे. आणि आमच्या माणसानं ते खरं मानलं.

आता हा रस्ता कुणाचा ते बघा. २०१६ साली वाडीनं मागणी केली की वाटेवर खडी टाका, गरोदर बाई न्यायला गाडी येऊ द्या. तेव्हा मालकाचा बाप म्हणाला, 'जमीन माझी. माझ्या रानातून सरकारी रस्ता जाऊ देणार नाय.' संपलं. खडी आली नाही. बायका डोलीतच गेल्या. म्हणजे रस्ता करायचा तेव्हा तो मालकाचा. रस्ता झाडायचा तेव्हा तो वाडीचा. हक्क त्याचा, खराटा आमचा. याला मालकी म्हणत नाहीत, याला वेठ म्हणतात.

नऊ दिवस काम चाललं. बावीस माणसं. मीही होतो. पडलेलं झाड कापणं म्हणजे उभं झाड पाडण्यापेक्षा वाईट. उभ्या झाडाचा तोल दिसतो. आडव्या झाडाच्या पोटात ताण दडलेला असतो. खोड खड्ड्यावर आडवं असलं की वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. चुकीच्या बाजूनं घाव घातला की करवत चावली जाते, नाहीतर खोड उसळतं. मुळांचा थाळा उपटून उभा राहिलेला असतो. बुंध्यापासून खोड सुटलं की तो थाळा धाडदिशी परत खड्ड्यात बसतो. मागं कोण उभं असेल तर गेलाच. उतारावर ओंडका सुटला तर थांबत नाही. म्हणून टेकू लावायचा, दोर बांधायचा, वरच्या अंगाला उभं राह्यचं. हे सगळं माझ्या चुलत्याला ठाऊक होतं. पुस्तकातनं नाही, अंगातनं. पण दोर एकच होता, तोही जुना. टेकूला वेळ नव्हता. मालकाला घाई होती, पाऊस तोंडावर होता.

सातव्या दिवशी फणसाचा ओंडका सुटला. दोर तुटला. चुलत्याची मांडी त्याच्याखाली.

आम्हीच मोकळ्या केलेल्या वाटेवरनं आम्ही त्याला डोलीत घालून नेला. पाय वाचला, पण वाकडा झाला. आता तो झाडावर चढत नाही. झाडावर न चढणाऱ्या माणसाला आमच्याकडं काम नसतं.

मालकानं पाचशे रुपये पाठवले आणि पाच किलो तांदूळ. मी विचारायला गेलो. त्यानं मला ओटीवर बसवलं, हे कबूल करतो. चहाही दिला. काळ बदललाय ना! आणि चहाचा कप माझ्या हातात असताना म्हणाला, 'मी कुठं कामाला लावलं होतं? तुमच्याच रस्त्याचं काम होतं.'

दिवाळीनंतर ट्रक आला. ऐन, किंजळ, फणस, सगळा माल भरला. आमच्या वाटेवरनं गेला. पुढच्या साली मे महिन्यात तौक्ते आलं, पुन्हा झाडं पडली, पुन्हा निरोप आला. आणि त्याच्या पुढच्या साली वाटेच्या तोंडाशी साखळी लागली. पाटी लागली: खाजगी मालमत्ता, परवानगीशिवाय प्रवेश बंद.

आता शहाणी माणसं मला दोन गोष्टी सांगतील. त्यांना उत्तर देतो.

पहिली गोष्ट: संकटात हिशोब मागायचा नसतो, याला श्रमदान म्हणतात. अरे वा! गावाच्या मुख्य रस्त्यावर आम्ही पहिल्याच दिवशी झाडं कापली. तिथं सगळ्या वाड्या होत्या, शिक्षक होते, दुकानदार होता. कुणी पैसा मागितला नाही, मीही नाही. पुन्हा वादळ आलं तर पुन्हा कापीन. तिथं सगळ्यांच्या हातात कोयता होता, म्हणून ते श्रमदान. मालकाच्या रानात त्याचा पोरगा गडग्यावर बसून मोबाईल चार्ज कुठं होईल ते विचारत होता. एकाच्या हातात कोयता आणि दुसऱ्याच्या हातात ट्रकची पावती, हे कसलं श्रमदान? दान देणारा गरीब आणि घेणारा जमीनदार, असलं दान जगात कुठं असतं?

दुसरी गोष्ट: मालकाचंही नुकसान झालं. झालं ना! त्याची कलमं पडली. बापानं लावलेली झाडं पडली. कलम धरायला किती वर्षं जातात ते मला माहीताय, कारण खड्डे आमच्याच लोकांनी खणले होते. त्याच्या रडण्याला मी खोटं म्हणत नाही. पण सरकारनं त्या वर्षी फळबागेची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. ती सातबाऱ्यावर मिळते. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याचं नुकसान खरं. ज्याचं नाव कुठंच नाही, त्याचा मोडलेला पाय पंचनाम्यात बसत नाही. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला २३८ रुपये होती. बावीस माणसं, नऊ दिवस. गुणाकार तुम्ही करा: ४७,१२४ रुपये. एका हेक्टरच्या मदतीपेक्षाही कमी. एवढाच आमचा हिशोब होता. तोही द्यायचा नव्हता.

आता कायद्याचं सांगतो, कारण आपली पोरं कायदा आपल्या बाजूला नाही असं म्हणून हात झटकतात. संविधानाचं कलम २३ वाचा. बेगार आणि सक्तीचं काम बंद. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीचीच मजुरी, मग मानेवर सुरी असो वा नसो. पोटाची भूक हीही सक्तीच. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दलित-आदिवासींना बेगारीला लावणं हा गुन्हा आहे. आणि नुकसानभरपाईचा इंग्रजांच्या वेळचा १९२३ चा कायदा तेव्हा लागू होता, त्याच्या यादीत झाडं तोडणारा कामगारही होता. म्हणजे साहेबाला ठाऊक होतं की झाड माणसाला मारतं. आमच्या मालकाला अजून ठाऊक नाही. मग कायदा कुठं अडतो? 'रस्ता तुमचाच' या तीन अक्षरी 'तुमचा'मध्ये अडतो. कामाला लावलंच नाही म्हटलं की मालक नाही, मजूर नाही, मजुरी नाही, अपघात नाही. फक्त एक वाकडा पाय शिल्लक राहतो.

हे नवं नाही. खोतीत कुळानं खोताच्या घरी फुकट राबायचं, हीच रीत होती. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. १९४९ च्या कायद्यानं खोती कागदावरनं गेली. महारवतनाला बाबासाहेब १९२८ पासून सुरुंग लावत होते, तेही पुढं कायद्यानं गेलं. खोत गेला, पण खोताचा आवाज गेला नाही. आणि आपल्या माणसाच्या अंगातलं उठणं गेलं नाही. निरोप आला की उठायचं.

आता कडू घोट. आपल्यालाच पाजतो.

त्या बावीस माणसांत सहा कातकरी होते. जाळ्या तोडायचं, काट्यात घुसायचं काम त्यांच्याकडं. त्यांना कोण घेऊन आलं? मालक नाही. आमच्याच वाडीतला एक. जय भीमवाला. घरात बाबासाहेबांचा फोटो, हातात निळा दोरा. ट्रक भरायच्या वेळी मालकानं त्याच्या हातावर थोडे पैसे ठेवले. त्यातले किती त्यानं कातकऱ्यांना दिले ते मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, 'त्यांना काय, दारू पाजली की झालं.' दोस्तांनो, मालकाच्या चहाच्या कपापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. आपण वेठीच्या दोराचं एक टोक सोडलं आणि दुसरं टोक हातात धरलं, तर ती मुक्ती नव्हे. तो मुकादमाचा धंदा.

आणि तुम्ही-आम्ही मुंबईवाले? वरळी, नायगाव, चेंबूर, घाटकोपरहून टेम्पो भरून आलो. ताडपत्री, तांदूळ, मेणबत्त्या वाटल्या. फोटो काढले. ताडपत्रीची गरज होती, नाही म्हणत नाही. पण एकाही टेम्पोत वही नव्हती. कोण किती दिवस राबला, कुणाच्या रानात राबला, काय मिळालं, कुणाला लागलं, हे लिहून घ्यायला एक दोन रुपयाची वही कुणी आणली नाही. मीही आणली नव्हती. मी बी.ए. झालेला माणूस नऊ दिवस कोयता चालवत होतो आणि हजेरी लिहून ठेवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चुलत्याचा दावा तिथंच मेला. हा दोष मालकाचा नाही, माझा आहे.

म्हणून सांगतो. पुढचं वादळ येणारच. अरबी समुद्र आता गप्प बसत नाही. तेव्हा गावी जाल तर पाच गोष्टी करा. पहिल्या दिवशी वही उघडा: नाव, तारीख, तास, कुणाचं रान. कोयता उचलायच्या आधी दर ठरवा आणि चार माणसांदेखत ठरवा. दोर, टेकू, हेल्मेट मालकाकडनं घ्या. नाही दिलं तर झाड पडलं तिथंच पडू द्या. कातकऱ्याला तोच दर, त्याच हातानं, त्याच दिवशी. आणि सगळ्यात आधी तहसीलदाराकडं अर्ज टाका: वाडीची वाट अडवली आहे, ती मोकळी करून द्या. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा त्यासाठीच आहे. वाटेची नोंद होऊ द्या. नोंद झाली की मग ती खरोखरची आमची. मग आम्ही ती फुकट साफ करू. आनंदानं करू. मालकानंही कोयता घेऊन यावं.

परवा गावाला गेलो होतो. चुलता अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. म्हटलं, 'काका, आता कशाला?'

म्हणाला, 'पावसाळा आला. निरोप येल.'

'मग?'

त्यानं धार अंगठ्यावर तपासली. म्हणाला, 'मग त्याला सांग, आधी साखळी काढ.'

एवढंच. पण साठ वर्षांत पहिल्यांदा तो निरोप ऐकायच्या आधी बोलला.

जय भीम.