आरमारी तोफा आणि पुळणीवरील शिपाई

शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचे, तर प्रथम युद्धनौकांच्या तोफांनी तो किनारा भाजून काढावा आणि मग शिपायांनी निर्वेधपणे पुढे जावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. युद्धाच्या इतिहासांतही तोफगोळ्यांच्या टनांचे आकडे मोठ्या कौतुकाने दिलेले आढळतात. आमच्या मते या आकड्यांनी विद्यार्थ्यांची दिशाभूलच होते. गोळा नेमका कोठे पडला आणि तोफ कोणत्या क्षणी थांबली, हेच प्रश्न खरे महत्त्वाचे होत.

पॅसिफिक महासागरातील तारावाचेच उदाहरण घ्या. तेथील बेटिओ हे बेट जेमतेम ३ किलोमीटर लांबीचे. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकन आरमाराने काही तासांत त्यावर सुमारे ३,००० टन गोळे ओतले. धुरळ्याने बेट दिसेनासे झाले. परंतु नारळाचे ओंडके, वाळू आणि काँक्रीट यांनी बांधलेले जपानी मोर्चे बव्हंशी शाबूत होते. सपाट मार्गाने आलेले पुष्कळसे गोळे त्यांवरून उसळून गेले. त्यात 'मेरीलँड' या निशाणनौकेची संदेशयंत्रे तिच्या स्वतःच्याच तोफांच्या हादऱ्याने बिघडली! धुरळ्यात गोळे आपल्याच होड्यांवर पडतील या भीतीने मारा थांबविला गेला, तेव्हा पहिली तुकडी किनाऱ्यास लागण्यास सुमारे पाव तास अवकाश होता. तेवढ्यात जपानी सैनिक सावरले. मागील होड्या प्रवाळाच्या खडकाशी अडल्या आणि शिपायांस पाण्यातून गोळ्या झेलीत चालावे लागले. ७६ तासांत १,००० हून अधिक अमेरिकन पडले.

मग तोफा निरुपयोगी ठरल्या काय? मुळीच नाही. अमेरिकनांनी हवाई बेटांपैकी काहूलावे येथे जपानी पद्धतीचे मोर्चे बांधून नौकांकडून नेमबाजीचा सराव करून घेतला. हे शहाणपण मात्र महाग पडले होते.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या 'ओमाहा' पुळणीवर प्रारंभीचा भडिमार अर्ध्या तासाच्या थोडा वरच चालला आणि अपुराच पडला. शिपाई वाळूवर खिळून राहिले. तेव्हा काही विनाशिका, तळ जमिनीस लागण्याचा धोका पत्करून, किनाऱ्यापासून हजार मीटरांच्याही आत शिरल्या. किनाऱ्याशी बिनतारी संपर्क धड नव्हता. 'कार्मिक' या विनाशिकेने एक युक्ती केली: पुळणीवरील रणगाडे टेकडीवर जेथे गोळे मारीत, तेथेच तिनेही आपल्या तोफा रोखल्या. रणगाड्यांनी रोख बदलला की तिनेही बदलावा. प्रचंड युद्धनौकांच्या दूरवरच्या माऱ्याहून ही जवळून केलेली नेमकी मदत आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आमच्या गोमंतकाच्या इतिहासातही असा एक प्रसंग आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर भारतीय नौसैनिक उतरले. पहिल्या तुकडीपाठोपाठ येणाऱ्यांवर पोर्तुगीजांनी मशिनगनांचा मारा केला, तेव्हा 'त्रिशूल' व 'म्हैसूर' या नौकांच्या तोफा त्यांच्या साहाय्यास धावल्या आणि दुसऱ्या दिवशी बेट हाती आले. त्या उतरणीत ७ नौसैनिक कामी आले.