आधी रोगाची ओळख, मग औषध

मृग लागला की ज्या घरात दमेकरी आहे त्या घरातील माणसे आकाशाकडे निखळ आनंदाने पाहू शकत नाहीत. दमट हवा, बुरशी धरलेल्या भिंती आणि पडशाची साथ यांतून उद्भवणारी धाप, आणि उशा रचून बसल्या बसल्या काढलेल्या रात्री त्यांच्या परिचयाच्या असतात. ‘दमा दमाबरोबरच जायचा’ हे आपल्याकडचे हताश उद्गार अशाच रात्रींतून निघाले असले पाहिजेत. याच दिवसांत हैदराबादेस माशातून दिले जाणारे औषध घेण्यासाठी दूरदूरचे रुग्ण रांगा लावतात. कोजागरीच्या रात्री खिरीतून मिळणाऱ्या औषधासाठी आपल्याकडेही गर्दी लोटते. या रांगांना सुशिक्षितांनी हसणे सोपे आहे. परंतु सर्व उपाय थकले असे वाटल्यावरच माणूस तेथे जातो. म्हणून विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. उपाय खरोखरच थकले होते, की ते नीट झालेच नव्हते?

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून कळेल. जागतिक रोगभाराच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातील एकूण दमेकऱ्यांच्या मानाने हे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास पडते. मात्र दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. रोग सर्वत्र एकच असताना मरणाचे प्रमाण इतके विषम असावे, याचा दोष केवळ हवेला देता येणार नाही. तो बव्हंशी उपचारपद्धतीकडे जातो.

आटोक्यात न येणारा दमा आणि खरोखर तीव्र दमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नेदरलँडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे सतरा जणांचा दमा भारी औषधे लिहून देऊनही आवरत नव्हता. परंतु पंप ओढण्याची त्यांची पद्धत आणि औषधातील नियमितपणा तपासल्यावर खऱ्या अर्थाने तीव्र दमा असलेले जेमतेम चारच उरले. बाकीच्यांना अधिक औषधाची नव्हे, तर आहे तेच औषध नीट घेण्याची गरज होती. ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची जी राष्ट्रीय चौकशी झाली, तिचा २०१४ चा अहवालही हेच सांगतो. सुमारे दोनतृतीयांश मृत्यूंत टाळता येण्याजोग्या चुका आढळल्या. मृत्यूच्या वेळी ज्यांच्याकडे तात्पुरत्या आरामाचा पंप होता, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना आधीच्या वर्षभरात असे बाराहून अधिक पंप लिहून दिले गेले होते. निळा पंप धाप थांबवितो, पण श्वासनलिकेची सूज तशीच राहते. ती उतरविते श्वासातून घेतलेले स्टेरॉइड. या कारणास्तव केवळ निळ्या पंपावर विसंबू नये, असा स्पष्ट सल्ला दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून दिला आहे.

या बाबतीत आमच्या सुशिक्षित वाचकवर्गालाही दोन शब्द सुनावणे आम्हांस भाग आहे. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत चाळीतून सदनिकेत आली, तरी सुटलेली नाही. लग्नाच्या मुलीचा पंप पाहुण्यांपुढे लपविला जातो. चार दिवस बरे वाटले की औषध परस्पर बंद होते. आणि धाप उसळली की तोंडाने घ्यावयाच्या स्टेरॉइडच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणल्या जातात. श्वासातून घेतलेले औषध अल्प मात्रेत थेट फुप्फुसात जाते. वरचेवर घेतलेल्या गोळ्या मात्र हाडे ठिसूळ करतात, मधुमेह ओढवून घेतात आणि मोतीबिंदू लवकर आणतात. ज्याचे भय बाळगावयाचे ते निर्धास्तपणे गिळावयाचे आणि ज्याचा आधार घ्यावयाचा त्याला भ्यावयाचे, असा हा उलटा न्याय आहे.

आता उरलेल्या थोड्यांचा विचार. पंप बिनचूक घेऊनही ज्यांचा दमा आवरत नाही, त्यांच्यासाठी गेल्या वीस वर्षांत नवी इंजेक्शने आली आहेत. त्यांपैकी मेपोलिझुमॅबची कथा बोधप्रद आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दमेकऱ्यांची फारशी निवड न करता ते दिले गेले आणि ते जवळजवळ निरुपयोगी ठरले. २००९ मध्ये इंग्लंड व कॅनडा येथील संशोधकांनी तेच औषध इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या निवडक रुग्णांना दिले, तेव्हा दम्याचे झटके स्पष्टपणे घटले. औषध बदलले नव्हते, रुग्णाची पारख बदलली होती. आज ॲलर्जीजन्य तीव्र दम्यासाठी ओमॅलिझुमॅब आहे, इओसिनोफिलच्या दम्यासाठी मेपोलिझुमॅब व बेनरॅलिझुमॅब आहेत, आणि डुपिलुमॅबसारखी आणखीही आहेत. कोणास कोणते लागू पडेल, हे रक्ततपासणी आणि रोगाचा पूर्वेतिहास ठरवितो. रुग्णाची ऐपत किंवा विक्रेत्याची भिडस्त विनवणी नव्हे.

आपल्या देशात ही पारख अधिकच दक्षतेने झाली पाहिजे. येथे रक्तातील इओसिनोफिल पोटातील जंतांमुळे वाढतात, हत्तीरोगाच्या जंतूंमुळेही वाढतात; आणि त्या दुसऱ्या विकारात दम्यासारखीच धाप लागते, पण त्याचे औषध अगदी निराळे असते. श्वासनलिकेत ॲस्परजिलस बुरशीने घर केले असेल तर उपचाराची दिशाच बदलते. चुलीच्या धुराने किंवा जुन्या क्षयाने जीर्ण झालेली फुप्फुसे ‘दमा’ या नावाखाली वर्षानुवर्षे औषधे घेत राहतात. या शक्यता न तपासता महागडे इंजेक्शन टोचणे म्हणजे पैशाचा आणि रुग्णाच्या विश्वासाचा अपव्यय होय.

क्षय आणि कुपोषण समोर असताना मूठभरांच्या महागड्या औषधांची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप निराधार नाही. तथापि आमची पहिली मागणी इंजेक्शनांची नाहीच. श्वास मोजण्याचे यंत्र, सूज उतरविणारा पंप आणि तो कसा ओढावा हे हाताला धरून शिकविणारी परिचारिका, या तीन गोष्टी प्रत्येक सरकारी व महापालिका रुग्णालयात बारमाही असाव्यात. या तिन्हींचा खर्च राज्याच्या आवाक्याबाहेरचा नाही, आणि आवरत नसलेला बहुतेक दमा एवढ्यानेच आवरेल. त्यानंतरही जे थोडे उरतील, त्यांची छाननी वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञांनी करावी. ज्यांना इंजेक्शन खरोखर लागू पडेल त्यांच्यासाठी ते शासनाने एकत्रित खरेदी करून द्यावे आणि काही महिन्यांनी त्याचा उपयोग तपासावा. उपयोग नसेल तर ते थांबविण्याचे धैर्यही दाखवावे. एकेका मात्रेस हजारो रुपये पडणारे औषध मध्यमवर्गीय कुटुंबालाही कर्जात लोटू शकते, हे विसरून चालणार नाही.

तोवर दमेकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी एक गोष्ट आजच करावी. पुढच्या खेपेस वैद्याकडे जाताना पंप बरोबर न्यावा, त्यांच्यादेखत ओढून दाखवावा आणि आपला दमा नेमका कोणत्या जातीचा, असे स्पष्ट विचारावे. डॉक्टरांनीही या प्रश्नाचा राग मानू नये. दमा दमाबरोबरच जायचा असेल तर जावो. पण तो असताना माणसाला रात्री आडवे होऊन झोपता आले पाहिजे, आणि ते आज बहुतेकांना शक्य आहे.