हौदातले आगंतुक

बागेतील हौदात कोणीही मासे सोडलेले नसतात. तरी एके दिवशी पाण्यात हालचाल दिसते आणि महिन्या-दोन महिन्यांत पिलांचा थवा तेथे फिरू लागतो. ओलाव्यातून आपोआप उपजणाऱ्या जीवांना आपल्या पूर्वजांनी ‘स्वेदज’ म्हटले होते. विज्ञानाने ही कल्पना केव्हाच निकालात काढली. परंतु हौदात मासे दिसले की, ‘पाण्यातच झाले असतील’ हे उत्तर सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. मासा माशापासूनच होतो. प्रश्न एवढाच की, पहिला मासा आला कोठून?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. हे शहर मुळातच हौदांचे आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहरीने येथे पाणी खेळविले. अठराव्या शतकातील पाणचक्कीचा हौद आजही प्रवाशांना थांबवितो. पुढे नाथसागराचे पाणी आले, पण वर्षानुवर्षे ते नळाला काही दिवसांच्या अंतरानेच येत राहिले. म्हणून घरोघरी टाक्या व हौद भरून ठेवणे भाग पडले. साठविलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. त्यावर आरोग्य खात्याने सांगितलेला एक उपाय भिंतीभिंतींवर वाचावयास मिळतो : गप्पी मासे पाळा.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचा भाऊबंद गंबुशिया उत्तर अमेरिकेतला. तो १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. दोघेही डासांच्या अळ्या खातात आणि दोघेही अंडी न घालता जिवंत पिले देतात. शिवाय नराचे बीज मादीच्या शरीरात कित्येक महिने टिकून राहते. म्हणजे जोडीची गरज नाही; कमळाच्या कंदाबरोबर किंवा शेजारच्या टाकीतून आणलेल्या बादलीबरोबर एक गाभण मादी आली, तरी पुरे. पक्ष्यांचा वाटाही अगदीच नाकारता येत नाही. हंगेरीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, बदकाने गिळलेल्या कार्प माशांच्या अंड्यांपैकी हजारी दोन-एक अंडी त्याच्या विष्ठेतून अखंड बाहेर पडतात व त्यांतील काही जगतातही. परंतु गप्पीला ही वाट मोकळी नाही, कारण तो अंडी घालतच नाही. त्याला आणणारा बहुधा माणूसच असतो, जाणता वा अजाणता.

बंदिस्त हौदात हा पाहुणा उपकारकच ठरतो. धोका आहे तो हौद ओसंडू लागल्यावर. पावसाळ्यात बागेचे पाणी नाल्याला, नाल्याचे खामला आणि खामचे गोदावरीला मिळते. मोकळ्या पाण्यात गंबुशिया केवळ डासांवर थांबत नाही; स्थानिक माशांची पिले व बेडकांची अंडीही तो फस्त करतो. जगातील शंभर घातक आगंतुक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. याच यादीतील तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, १९५२ मध्ये भारतात आली, ती स्वस्त अन्न म्हणून. आज उजनीच्या जाळ्यांत तिचेच राज्य आहे. तिने मच्छीमारांना रोजगार दिला हे खरे; परंतु तिला परत पाठविणे आता कोणाच्याही हाती नाही, हेही तितकेच खरे.

डेंग्यूने माणसे दगावत असताना माशांच्या वंशावळीची चिंता कसली, असा आक्षेप कोणी घेईल. तो गैरलागू नाही. परंतु डासांवरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळणे. उद्या पाणी येईल याची खात्री असलेलाच माणूस आजचे पाणी ओतून देऊ शकतो. नळाने करावयाचे काम या शहरात माशावर सोपविले गेले, ही खरी गोष्ट आहे. पाणीपुरवठा नियमित झाला, तर हौदांची व गप्पींची गरज आपोआप ओसरेल.

तोपर्यंत तारतम्य हाच मार्ग. मासे वाटणाऱ्या यंत्रणेने त्यांच्याबरोबर एक ताकीदही द्यावी : हौदातला मासा हौदातच राहू द्या, तो नाल्यात, विहिरीत वा सलीम अली सरोवरात सोडू नका. पिले फार झाली म्हणून ती तळ्यात सोडणे हे भूतदयेचे कृत्य वाटते. प्रत्यक्षात त्या तळ्यातील मूळ रहिवाशांवर तो अन्याय असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हौदाकाठी नेऊन मासा ओळखावयास शिकविले, तर स्वेदजाची भाबडी समजूत जाईल आणि बादली रिती करण्यापूर्वी विचार करणारी पिढीही तयार होईल.