दाराला दिलेला हुकूम

आमच्या गावाकडच्या घराला एकच दार आहे. दिवसभर ते उघडेच असते. रात्री आई आतून अडसर घालते. कुणी उशिरा आले आणि कडी वाजवली, की आई आधी विचारते, "कोण हाय?" बाहेरून आवाज येतो, आवाजावरून माणूस ओळखू येतो, "एवढा उशीर का रं?" असा दुसरा प्रश्न होतो, आणि मग अडसर निघतो. दार उघडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायचे, कोण आणि का, ही आमच्या घरची रीत. शहरात शिकायला येईपर्यंत मला वाटत होते, की जगातली सगळी दारे अशीच असतात.

आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेले नाही. मी महाविद्यालयात आले ती पहिलीच. राहण्याची सोय एका खाजगी वसतिगृहात झाली. तिथल्या दाराला कडी नाही, कुलूपही दिसत नाही. भिंतीवर एक काळी डबी आहे. तिच्यासमोर कार्ड धरले की बारीक हिरवा दिवा लागतो आणि चौकटीच्या वर बसवलेले चुंबक दाराला सोडते. लाल दिवा लागला तर दार हलत नाही. हे दार फक्त "कोण?" एवढेच विचारते. "का?" हा प्रश्न त्याला ठाऊक नाही. प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

गेल्या श्रावणात शेजारच्या जिल्ह्यात आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती. आपल्या महाविद्यालयातर्फे आम्ही दोघी गेलो होतो. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची लेखी परवानगी घेतली होती, आणि तो कागद त्यांच्या टेबलाच्या खणात होता. परतताना एस. टी. वाटेत बंद पडली. वसतिगृहाचे दार साडेनऊला बंद होते. मी पोचले पावणेदहाला. कार्ड धरले, लाल दिवा. पुन्हा धरले, लाल दिवा. माणूस घाबरला की एकच गोष्ट पुनःपुन्हा करतो, तशी मी चार वेळा कार्ड धरले. पाच मिनिटांनी आतून मावशी आल्या, त्यांनी दार उघडले, "जेवलीस का?" असे विचारले आणि माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले.

ते मिटले नव्हते. प्रत्येक लाल दिव्यागणिक एक, असे चार संदेश आमच्या गावी वडिलांच्या मोबाईलवर गेले होते. संदेश इंग्रजीत होता. आबांना इंग्रजी येत नाही. रात्री दहाला चार वेळा फोन वाजला म्हणून ते शेजारच्या बारावीतल्या मुलाकडे गेले. त्याने वाचून सांगितले, की तुमच्या मुलीने अनधिकृत प्रवेशाचा प्रयत्न केला आहे. अनधिकृत म्हणजे काय, असे आबांनी विचारले. तो म्हणाला, "बेकायदा." सकाळी दूध घालायला जमलेल्या साऱ्या माणसांना ही बातमी ठाऊक झाली होती.

पहिल्या एस. टी.ने आबा वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. अंगावर कालचाच सदरा होता. मला बघून ते एवढेच म्हणाले, "पोरी, दारानं तुला आत का घेतली न्हाई?" मी उत्तेजनार्थ बक्षिसाचे प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिले. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिले. तेही इंग्रजीतच होते. माझे शिक्षण त्या दिवशी थांबले नाही, कारण रेक्टरबाईंनी खणातला कागद काढून दाखवला आणि माझे आबा ऐकून घेणारे आहेत. पण ज्या मुलीचे वडील गावच्या बोलण्याला अधिक भितात, तिचे पुस्तक त्या चार संदेशांनी कायमचे मिटले असते. अशा मुली आपल्या वर्गात आहेत. त्यांनी हे वाचताना मान डोलावली असेल.

पुढे दाराचा भोंगा बिघडला म्हणून दुरुस्तीला माणूस आला, तेव्हा रेक्टरबाईंच्या परवानगीने आम्ही तिघीजणी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "दादा, हे दार संदेश कसा पाठवते, ते दाखवाल का?" असे विचारले. तो हसला आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. एका ओळीत तीन रकाने होते. पहिल्यात घटना, दुसऱ्यात अट, तिसऱ्यात कृती. घटना म्हणजे दाराशी जे घडते ते: कार्ड स्वीकारले, कार्ड नाकारले, कार्ड वा आतले बटण न वापरता दार उघडले गेले, दार ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडे राहिले, वीज गेली, आगीची सूचना आली. अट म्हणजे कोणते दार, कोणते वार, किती ते किती वाजेपर्यंत. आणि कृती म्हणजे यंत्राने आपण होऊन करायचे काम: दिवा लावणे, भोंगा वाजवणे, दुसरे दार बंद करणे, संदेश पाठवणे. एकदा ओळ भरून ठेवली, की मग कुणी जागे असो वा नसो, ती घटना घडताच ती कृती होते.

मला आमच्या मराठीच्या तासाची आठवण झाली. 'जर–तर' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय, असे आपण पाठ करतो. त्या पडद्यावरची प्रत्येक ओळ म्हणजे एक जर–तरचे वाक्य होते. ते वाक्य यंत्राने रचलेले नव्हते, कुणातरी माणसाने रचले होते. माझ्या आबांना रात्री घराबाहेर काढणारे वाक्य असे होते: जर कार्ड नाकारले गेले, तर पालकांना संदेश पाठव.

या वाक्यात काय चुकले, ते पाहणे उद्‌बोधक आहे. कार्ड का नाकारले, याची नोंद यंत्राकडे होती! अनोळखी कार्ड, मुदत संपलेले कार्ड, वेळेबाहेर आलेले कार्ड, ही कारणे ते वेगवेगळी लिहून ठेवते. माझ्या नावापुढे 'वेळेबाहेर' असेच लिहिले होते. पण वाक्य रचणाऱ्याने सगळी नकाराची कारणे एकाच पोत्यात भरली आणि त्यांना एकच मजकूर लावला. म्हणून चोराचे कार्ड आणि उशिरा आलेल्या मुलीचे कार्ड यांत फरक उरला नाही. दुसरे असे, की थोड्या वेळात तीच घटना पुन्हा घडली तर ती एकच धरावी, अशी मर्यादा घालता येत होती. ती घातली नव्हती. तिसरे असे, की खणातल्या परवानगीची नोंद कुणी यंत्रात केली नव्हती. यंत्राला खणातले दिसत नाही. त्याला जे सांगितले तेवढेच त्याचे जग.

त्याच पडद्यावर दुसरे एक वाक्य होते: दार तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडे राहिले, तर भोंगा वाजव. ऐकायला रास्त आहे. पण रोज सकाळी खाणावळीचे भाजीचे क्रेट आणि गॅसचे सिलिंडर त्याच दाराने आत येतात, आणि ते तीस सेकंदांत येत नाहीत. रोज भोंगा, रोज आरडाओरड. शेवटी कुणीतरी भोंग्यावर कापडाचा बोळा कोंबला, आणि त्याच बोळ्यापायी तो बिघडला असावा, असे दादा म्हणाला. खरा चोर आला असता तरी त्या दिवसांत कुणाला कळले नसते. सकाळच्या त्या एका तासापुरती अट सैल केली असती आणि आधी नुसता बारीक आवाज, मग भोंगा असा क्रम लावला असता, तर बोळ्याची गरज पडली नसती.

इथे कुणी म्हणेल, की मग ही यंत्रे नकोतच. माझे मत तसे नाही. वसतिगृहाला असे दार आहे म्हणूनच आबांनी मला शहरात ठेवले, हे मी विसरलेले नाही. शिवाय एका प्रसंगी यंत्राने माणसाची वाट मुळीच पाहू नये, असेही माझे मत आहे. तो प्रसंग म्हणजे आग.

इंग्लंडमधील संडरलंड येथे १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ होता. खाली बक्षिसे वाटली जात आहेत असे कळताच गॅलरीतली मुले जिन्यावरून धावली. जिन्याच्या तळाचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल जावे अशा बेताने ते किंचित उघडे ठेवून खिटी घातली होती. १८३ मुले गुदमरून मेली. त्यानंतर १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज यांनी आतून नुसते ढकलले की निघणाऱ्या अडसराचे पेटंट घेतले. तरीही २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरू नये, सर्वांनी एकाच दाराने झडती देऊन बाहेर पडावे, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. १४६ जण गेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, कित्येक माझ्याहून लहान.

या दोन्ही ठिकाणी दाराला हुकूम देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. एकाला मुलांची रांग हवी होती, दुसऱ्याला मालाची राखण. पण हुकूम देताना दाराच्या आतल्या माणसाची कल्पना त्यांनी केली नाही.

आमच्या वसतिगृहातले चुंबकाचे कुलूप विजेवर दाराला धरून ठेवते. वीज तोडली की दार सुटते. परंतु लाईट गेली तर दार उघडे पडू नये म्हणून त्याला बॅटरी जोडलेली असते. म्हणजे नुसती लाईट जाऊन दार सुटणार नाही. दादाने सांगितले, की आगीची सूचना देणाऱ्या यंत्राची तार कुलुपाच्या विजेपर्यंत थेट न्यायला हवी, आणि आतल्या बटणानेही ती वीज थेट तुटायला हवी. हे काम संगणकातल्या जर–तरवर सोपवू नये, कारण संगणक नेमका त्याच वेळी बंद असू शकतो. संगणकाने बाकीची कामे करावीत: नोंद ठेवावी, रेक्टरबाईंना उठवावे, आत किती मुली आहेत त्याची यादी द्यावी. आमच्याकडे ही तार जोडलेली आहे का, असे मी विचारले. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ती मागितली नव्हती."

विचार करता मला जे पटले ते असे. जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता दार सोडावे. मध्ये माणूस नको. जिथे कुणाच्या नावाचा, चारित्र्याचा प्रश्न आहे, तिथे यंत्राने फक्त आतल्या माणसाला हाक मारावी. पुढचे पाऊल माणसाने उचलावे. आमच्याकडे नेमके उलटे होते. आगीच्या वेळी दार कुणाची तरी वाट पाहत बसले असते आणि उशिरा आलेल्या मुलीवर ठपका मात्र त्याने एका सेकंदात ठेवला.

आम्ही तिघींनी अर्ज केला. रेक्टरबाईंनी तो मनापासून वाचला. आता वेळेबाहेरचे कार्ड लागले, की मावशींच्या खोलीत घंटा वाजते. मावशी दार उघडतात, वहीत कारण लिहितात. घरी कळवणे जरूर वाटले तर रेक्टरबाई स्वतः फोन करतात, मराठीत. आगीच्या तारेचे काम मात्र या अंकासाठी लेख देईपर्यंत झालेले नाही. आम्ही दर सोमवारी विचारतो. आणखी एक गोष्ट अर्जात लिहायची राहिली, ती इथे लिहिते. त्याच मालकांच्या मुलांच्या वसतिगृहालाही हेच यंत्र आहे. तिथे पालकांना संदेश पाठवण्याचे वाक्य कुणी रचलेलेच नाही. मी एकोणीस वर्षांची आहे. अठराव्या वर्षी सरकारने मला मताचा हक्क दिला. रात्री साडेनऊनंतर मी कुठे होते हे सांगण्याचा पहिला हक्कही माझाच असावा, एवढे मागणे फार नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे, की आपल्या महाविद्यालयातही ग्रंथालयाला आणि प्रयोगशाळांना अशी दारे बसवण्याचा विचार चालू आहे, असे ऐकते. जरूर बसवावीत. माझी गुरुजनांना नम्र विनंती एकच आहे. दारे बसवण्यापूर्वी त्या तीन रकान्यांतली सगळी वाक्ये साध्या मराठीत लिहून सूचना फलकावर आठ दिवस लावावीत. कोणती घटना, कोणती अट, कोणती कृती, संदेश कुणाला आणि कोणत्या भाषेत. ग्रंथालयात झाडलोट करणाऱ्या मामांना, शेवटच्या एस. टी.ने जाणाऱ्या मुलांना, सकाळी नोकरी करून धापा टाकत येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती वाचू द्यावीत. कुठे अडेल, ते त्यांना आधी समजेल. कारण दाराबाहेर उभे राहण्याची सवय त्यांना आहे.

आबा परवा आले होते. फाटकाशी थांबून त्यांनी त्या काळ्या डबीकडे पाहिले आणि विचारले, "आता इचारतं का गं हे, का उशीर झाला म्हणून?" मी म्हटले, "ते नाही विचारत आबा. मावशी विचारतात." ते म्हणाले, "मग बरं हाय."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा