सीझन तिकिटाचा भरवसा

माझे वडील माजरीहून रोज चंद्रपूरला नोकरीला जात. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला रेल्वेचा पास असे. घामाने पाकिटाच्या कडा पिवळ्या पडलेल्या, तारखेची निळी शाई थोडी पसरलेली. घरात त्याला पास कुणी म्हणत नसे. सगळे 'सीझन' म्हणत. महिना भरत आला की आई आठवण द्यायची, "अजी, सीझन संपून राहिला, उद्या काढून घ्या." वडील पगारातून आधी त्याचे पैसे बाजूला काढत आणि मग किराण्याचं पाहत. गाडी उशिरा यायची, थंडीत तर फारच उशिरा यायची. त्यावर ते चिडत, पण सीझन काढायचे ते काही थांबले नाहीत. गाडी येणार याची त्यांना खात्री होती.

हा शब्द संक्रांतीला भाच्याच्या तोंडून पुन्हा ऐकला. तो पुण्यात नोकरी करतो. बरीच वर्षं बालेवाडीच्या स्टेडियमजवळ राहायचा. फुटबॉलचं वेड त्याने आमच्याच घरातून नेलेलं. तिथे खेळणाऱ्या एका क्लबचं पूर्ण हंगामाचं तिकीट त्याने एके वर्षी काढलं होतं आणि ते तो सगळ्यांना दाखवत फिरला होता. मी सहज विचारलं, "आता कुठल्या क्लबचं सीझन आहे तुझ्याकडे?"

"कोणाचंच नाही, मामा. सामना असला तर जातो, त्या दिवशीचं तिकीट काढतो अन् पाहून येतो. पण पुढचे पैसे आता देत नाही. तिकीट हाती राहते अन् क्लबच निघून जाते."

तो हे चिडून बोलला नाही, आणि मला तेच जास्त लागलं. पोरगं फुटबॉल सोडत नव्हतं. त्याने फक्त भरवसा ठेवणं सोडलं होतं.

बालेवाडीचा हिशेब मांडला तर भाच्याचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये उभा राहिला. चांगला संघ होता, 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला, त्याच्या अकादमीतून मुलं वर येत होती. 2015 नंतर तो मैदानावर उरला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2015 ची आय-लीग खेळला आणि त्या एका हंगामातच आटोपला. मधल्या काळात, 2014 मध्ये, इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आला. वाधवान समूहाचा पैसा, हृतिक रोशनचं नाव, पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डाव्हिद त्रेझेगे. 2017-18 मध्ये मार्सेलिन्यो आणि आल्फारो यांच्या जोरावर संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुण्यात बेंगळुरूशी गोलशून्य बरोबरी केली आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांपुढे हरला. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, तो क्लबही बंद झाला. एकाच मैदानावर बारा वर्षांत तीन क्लब आले आणि तिन्ही गेले.

मुंबईचा इतिहास याहून जुना आहे, पण वेगळा नाही. महिंद्राचा संघ 1962 पासूनचा. महिंद्रा युनायटेड या नावाने त्याने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2009-10 च्या हंगामानंतर कंपनीने तो गुंडाळला. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी 2017 मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि तिथेच संपला. सध्याचे भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांनी ज्या संघाला वर्षानुवर्षं तुटपुंज्या साधनांत वरच्या श्रेणीत टिकवून धरलं, तो हाच संघ. गोव्यात तर पाच वेळा देशाचा विजेता ठरलेल्या डेंपोने साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्यासोबत 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, काहींची पटण्यासारखीही होती. पण निर्णय होत असताना तिकीट काढून बसलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

पुणे सिटीच्या जागेचं पुढे काय झालं ते माजरीच्या माणसाने तर नीट पाहावंच. लीगमधली ती जागा 2019 मध्ये हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने 2022 च्या मार्चमध्ये फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून लीग जिंकली. तीनच वर्षांनी, 2025 मध्ये, तो संघ नाव बदलून दिल्लीला हलवला गेला. पुणे, मग हैदराबाद, मग दिल्ली. आमच्या स्टेशनावरून रोज हैदराबाद-दिल्ली तेलंगणा एक्स्प्रेस जाते. माजरीला ती थांबत नाही, फलाटावरची धूळ आणि कोळशाची भुकटी उडवत निघून जाते. ती जाताना हल्ली मला त्या संघाची आठवण येते. प्रवाशांच्या गाडीने गावं मागे टाकत जाणं ठीक आहे, तिचं कामच ते. फुटबॉलचा क्लब असा गावं मागे टाकत जाऊ लागला, तर मागे राहिलेल्या गावाने कशाच्या आधारावर पुढच्या हंगामाचे पैसे द्यावेत?

आणि हंगाम तरी कुठे नक्की असतो! 2025 च्या जुलैत सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवल्याचं जाहीर झालं. देशाचा फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 15 वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता, आणि त्यापुढे काय हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. क्लबांनी सराव थांबवले, काहींनी खेळाडूंचे पगार थांबवले. ज्या महिन्यांत तिकीटविक्री सुरू व्हायची, त्या महिन्यांत विकायला तारीखच नव्हती. डिसेंबरात मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या याच ग्रुपने 2019 मध्ये मुंबईत मोठा वाटा घेतला होता आणि त्याच्या काळात मुंबईने दोनदा लीग जिंकली होती. शेवटी 2026 च्या फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला, तोही आखडता, प्रत्येक संघाशी एकच सामना. अशा वर्षी सीझन तिकीट खपलं नाही म्हणून प्रेक्षकाला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी बोल लावणारे भेटतात. लोकांना क्रिकेटच हवं, लोक मोबाइलवर सामना पाहतात, महाराष्ट्रात फुटबॉलची संस्कृतीच नाही, असं म्हणतात. यात थोडं खरं आहे. सुपर लीगच्या पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी 20 हजारांच्या वर माणसं येत होती, पुढे ती संख्या निम्म्याजवळ आली. टीव्हीच्या सोयीसाठी सामने रात्री आठला आणि आठवड्याच्या मधल्या वारी ठेवले, तेव्हा शाळेत जाणारी पोरं आणि त्यांचे आईबाप तुटले. मग करोनात दोन हंगाम गोव्यातल्या रिकाम्या स्टेडियमांत झाले. सवय मोडली की काय होतं ते आम्ही गाडीच्या बाबतीत पाहिलं आहे. 2020 च्या मार्चमध्ये पॅसेंजर थांबल्या आणि सीझनवाले मोटरसायकलवर गेले. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यातले निम्मे लोक काही परत आले नाहीत.

पण फुटबॉलची संस्कृतीच नाही हे म्हणणं मला मान्य नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की दुपारपासून पायऱ्या भरतात. तिकीट काढून भरतात. दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल ही नावं तिथल्या पोराला शाळेच्या हजेरीसारखी पाठ असतात. त्या ईर्ष्येतून मारामाऱ्या झाल्या आहेत, सामने बंद पडले आहेत, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तिथला संघ पेठेचा आहे, तालमीचा आहे. तो उद्या सकाळी उठून हैदराबादला जाऊ शकत नाही, कारण तालीम जाग्यावरून हलत नाही. देशाच्या लीगमध्ये कोल्हापूरचा क्लब नाही, आणि देशाला हव्याशा वाटणाऱ्या पायऱ्या मात्र कोल्हापुरात आहेत.

तिकिटाला पैसे मोजण्यात आमची झाडीपट्टीही मागे नाही. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, मंडप टाकतं, तिकीट विकतं. घरोघरी पाहुणे येतात, माणसं शाली पांघरून पहाटेपर्यंत बसतात. धान कापून हाती आलेल्या पैशातून लोक ते तिकीट घेतात. नाटक फसलं तर तोटा गावाचा, चाललं तर नफाही गावाचा. गरीब माणूस करमणुकीला पैसे देत नाही हे ज्याला वाटतं, त्याने एकदा जानेवारीतल्या रात्री गडचिरोली जिल्ह्यात यावं.

आमच्या माजरीला फुटबॉल आला तो खाणीबरोबर. काका खाणीत होते. पहिली पाळी सुटली की अंगावरचा कोळसा अर्धवट धुऊन ते मैदानावर येत. गोलचे खांब खाणीतल्या लोखंडी पाइपांचे, रेघा चुन्याच्या, बसायला कन्व्हेयर बेल्टचे कापलेले तुकडे. सामना संपला की सगळ्यांचे गुडघे काळे, आणि तो काळा रंग रक्त पुसूनही जात नसे. संघात तेलुगू बोलणारे होते, छत्तीसगडी होते, बिहारी होते, गावातले कुणबी-माळी होते. पास कुणी कुणाला दिला यावर पाच भाषांत भांडण चाले. तिकीट नव्हतं, वर्गणी होती. दिवाळीनंतरच्या सामन्यांसाठी पगाराच्या दिवशी एक माणूस वही घेऊन दारात उभा राही, आणि आई दोन रुपये देऊन त्याला विचारी, "यंदा गोलकीपर तोच हाय ना?" मला वाटतं सीझन तिकीट म्हणजे हेच. आधी पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो.

मग माणसं निवृत्त झाली, काहींच्या बदल्या झाल्या, क्वार्टरं एकेक करून रिकामी पडली. संघ मोडला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. एका दिवाळीनंतर वहीवाला आला नाही, एवढंच. कोळशाच्या गावात शाळा, दवाखाना, पाणी, मैदान सगळं खाणीच्या जिवावर असतं. खाण गेली की हे सगळं जाणार, हे आम्ही लहानपणापासून गृहीत धरलेलं. म्हणून मला जर्मनीतल्या शाल्के या क्लबाची गोष्ट वाचली तेव्हा विश्वास बसायला वेळ लागला.

गेल्सेनकिर्शेन हे रूर खोऱ्यातलं कोळशाचं शहर. शाल्के 1904 चा, पोरांनी सुरू केलेला आणि खाण कामगारांनी वाढवलेला क्लब. आजही त्याच्या खेळाडूंना खाण कामगारांसाठीच्या जुन्या जर्मन शब्दानेच हाक मारतात, आणि ड्रेसिंग रूममधून मैदानावर येणारी वाट खाणीतल्या बोगद्यासारखी बांधली आहे. त्या खोऱ्यातली, आणि जर्मनीतलीही, शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 च्या डिसेंबरात बंद झाली. शहर देशातल्या सर्वांत गरीब शहरांपैकी एक. क्लबही धड नाही. शेवटची राष्ट्रीय विजेतेपदाची आठवण 1958 ची, वर कर्जाचा डोंगर, आणि 2021 मध्ये तर दुसऱ्या श्रेणीत घसरण. तरी दुसऱ्या श्रेणीतल्या सामन्यांनाही तिथे सरासरी 60 हजार माणसं येतात. खाण गेली, पण क्लब राहिला.

कारण तो क्लब कुणा एकाच्या मालकीचा नाही. ती नोंदणीकृत संस्था आहे, तिचे लाखाहून जास्त सदस्य आहेत, आणि सभेत ते मत देतात. जर्मनीत नियमच आहे की मोजके अपवाद वगळता क्लबाची निम्म्याहून जास्त मतं सदस्यांच्या संस्थेकडे राहिली पाहिजेत. मालक वैतागला, त्याचा धंदा बुडाला, दुसऱ्या शहराने जास्त पैसे देऊ केले, तरी संघ रातोरात गाडीत बसवून नेता येत नाही. तिथला माणूस हंगामाचे पैसे आधी देतो ते संघ जिंकेल म्हणून देत नाही. संघ तिथेच असेल हे त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडे एकदम असं होणार नाही हे मला कळतं. फुटबॉलचा संघ चालवायला वर्षाला कोट्यवधी रुपये लागतात आणि ते देणारा उद्योगपती लागतो. त्याच्यावर माझा राग नाही, आमच्या काकांचा संघही कंपनीच्याच मैदानावर खेळला. पण एक तर करता येईल. क्लबाच्या कारभारात तिकीटधारकांनी निवडलेला एक माणूस बसवा आणि शहर सोडायचा निर्णय त्याच्या मताशिवाय घेऊ नका. हे महासंघाने परवान्याच्या अटीतच लिहावं, म्हणजे मालक बदलला तरी अट बदलणार नाही.

महाराष्ट्रातल्या क्लबांच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या हंगामाचं तिकीट छापाल तेव्हा भावात सूट देऊ नका, टोपी नि टी-शर्टही देऊ नका. तिकिटाच्या मागच्या बाजूला तुमच्या सहीनिशी एवढंच छापा, की हा संघ पुढची पाच वर्षं याच शहरात, याच नावाने खेळेल. तसं तिकीट निघालं तर भाच्यासाठी पहिलं मी काढीन, आणि तुमचा संघ त्या वर्षी शेवटचा आला तरी दुसऱ्या वर्षीचे पैसे घेऊन पुन्हा खिडकीशी येईन.